बाथरूमचे नूतनीकरण : अंदाजपत्रक भिंतीच्या आतून बाहेर मांडावे

बाथरूम नव्याने करून घ्यायचे ठरले, की बहुतेक घरांतली पहिली फेरी टाइल्सच्या दुकानात होते. तिथे एक टाइल पसंत पडते, शेजारच्या दालनात एखादा कमोड आवडतो, नळांच्या किमती विचारल्या जातात आणि या तीन आकड्यांच्या बेरजेत ‘मजुरीचे काय असेल ते’ मिळवले, की अंदाजपत्रक तयार झाले असे वाटू लागते. तोडफोड सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हा अंदाज कोसळतो, कारण जुन्या घरातल्या बाथरूमचा अर्ध्याहून अधिक पैसा टाइलच्या मागे आणि फरशीच्या खाली जातो, आणि तो भाग दुकानात कोणी दाखवत नाही. म्हणून हा हिशेब उलट्या टोकाने मांडावा. जे काम पूर्ण झाल्यावर दिसणार नाही, त्याचे पैसे आधी बाजूला काढावेत आणि उरलेली रक्कम खिशात घालून मग दुकानाची पायरी चढावी.

पुढचे सगळे विवेचन सहकारी गृहनिर्माण संस्थेतील, साधारण १९८५ ते २००० या काळात बांधलेल्या सदनिकेतल्या आठ बाय पाच फुटांच्या बाथरूमला धरून केले आहे. पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांत या पिढीच्या इमारती हजारोंनी आहेत आणि त्यांच्या पाइपांचे आयुष्य आता संपत आले आहे. आमचे पुण्यातले घरही त्यांतलेच आहे. त्यामुळे खाली लिहिलेल्या काही गोष्टी आधी चुकून मग शिकलेल्या आहेत.

तोडण्यापूर्वी

पहिला प्रश्न इमारतीचा आहे. संस्थेच्या सभेत पुनर्विकासाचा विषय निघू लागला असेल, तर पूर्ण नूतनीकरणात पैसे घालण्यापूर्वी थांबावे. जे बाथरूम तीन-चार वर्षांत इमारतीबरोबर पाडले जाणार आहे, त्याची गळती थांबवणे, सांधे नव्याने भरणे आणि नळ बदलणे एवढ्यावर भागते. अर्थात पुनर्विकासाची चर्चा आणि प्रत्यक्ष पुनर्विकास यांमध्ये दहा-बारा वर्षे सहज निघून जातात, हे आपण सारे पाहतोच. तेव्हा विकासकाशी करार नोंदवला गेला आहे, की नुसत्याच बैठका चालू आहेत, एवढे पाहून निर्णय घ्यावा.

दुसरा प्रश्न ओलीचा. खालच्या घराच्या छताला पोपडे आले असतील, तर पाणी नेमके कुठून येते हे तोडण्याआधी शोधावे, कारण त्यावरच किती तोडायचे हे ठरते. यासाठी खर्च काहीच नाही, थोडा धीर लागतो. चार-पाच दिवस बाथरूमचा वापर पूर्ण बंद ठेवावा, पण पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह चालू ठेवावा. तरीही खालची ओल तशीच राहिली, तर नळाच्या पाण्याचा पाइप भिंतीत कुठेतरी पाझरतो आहे, असा संशय घ्यावा. ओल वाळत गेली, तर दोष फरशीत किंवा सांडपाण्याच्या पाइपात आहे. मग फरशीवरील जाळीचे तोंड कापड कोंबून घट्ट बंद करावे, दोन इंच पाणी भरून ते चोवीस तास ठेवावे आणि खाली पाहावे. या काळातच ओल उमटली तर फरशीचे वॉटरप्रूफिंग गेले आहे. पाणी सोडून दिल्यावर उमटली तर ट्रॅप (जाळीखालचा, पाणी धरून दुर्गंधी अडवणारा वळणाचा भाग) किंवा पाइपचा जोड गेला आहे. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक वाहिन्यांची गळती दुरुस्त करण्याचा खर्च संस्थेने करायचा असतो; संडास, सिंक अशा आतल्या कारणांनी होणारी गळती मात्र ज्याच्या त्याच्या खिशातून दुरुस्त होते. डक्टमधला (इमारतीत पाइपांसाठी ठेवलेल्या पोकळीतला) उभा पाइप फुटला असेल, तर तो भार स्वतःच्या अंदाजपत्रकात घेण्याआधी संस्थेला पत्र द्यावे.

तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: सांडपाण्याचे पाइप आहेत कुठे? काही इमारतींत बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली सोडलेला असतो, ज्याला ठेकेदार ‘सनकन’ म्हणतात. पाइप त्या खोलगट भागात असतात आणि वर वीटतुकड्यांचा कोबा भरलेला असतो. अनेक जुन्या इमारतींत असा खळगाच नसतो. तिथे आपला ट्रॅप स्लॅबमधून खाली उतरून खालच्या घराच्या बाथरूमच्या छताला लोंबकळत असतो. आमच्याकडे हा दुसरा प्रकार निघाला. आमच्या न्हाणीचा ट्रॅप बदलण्यासाठी प्लंबरला खालच्या काकूंच्या बाथरूममध्ये घोडा लावून चढावे लागले, आणि काम संपल्यावर त्यांच्या छताला प्लास्टर व रंग करून देणे हे ओघानेच आले. तो खर्च आमच्या कागदावर कुठेच नव्हता. (‘नहाणी ट्रॅप’ हा शब्द देशभरातल्या प्लंबिंगच्या दुकानांत चालतो, आपली न्हाणी इतक्या दूरवर पोहोचली आहे, ही त्यातल्या त्यात एक समाधानाची गोष्ट.)

संस्थेची परवानगी लेखी घ्यावी आणि अनामत रक्कम, कामाच्या वेळा आणि राडारोड्यासाठी लिफ्ट वापरता येईल की नाही, या तीन गोष्टी त्याच वेळी विचारून घ्याव्यात. तिसऱ्या गोष्टीचा पैशाशी थेट संबंध आहे. आठ बाय पाचच्या बाथरूमच्या भिंतींवरील टाइल, त्यामागचे प्लास्टर आणि फरशीखालचा कोबा निघाला, की सुट्या मालाचे घनफळ पाऊण ब्रासच्या, म्हणजे पंचाहत्तर घनफुटांच्या आसपास भरते, आणि एका माणसाला पेलेल एवढीच गोणी भरली तर शंभरेक गोण्या होतात. त्या चौथ्या मजल्यावरून जिन्याने उतरवायच्या असतील, तर बिगाऱ्यांची हजेरी जवळपास दुप्पट धरावी लागते. हा राडारोडा रात्री नाल्याच्या किंवा नदीच्या काठी टाकून येणारा टेम्पोवाला स्वस्त पडतो खरा, पण पकडला गेला तर दंडाची पावती ज्याच्या घरातून माल निघाला त्याच्यापर्यंत येऊ शकते. महापालिकेच्या ठरलेल्या जागी माल जाईल, अशी अट ठेकेदाराला घालावी.

मोजमाप आणि टाइल्सचे गणित

टेप घेऊन स्वतः मोजावे. आठ बाय पाचच्या खोलीचा घेर २६ फूट. सात फूट उंचीपर्यंत टाइल लावायची तर १८२ चौरस फूट होतात. त्यातून अडीच बाय सातचा दरवाजा आणि दोन बाय दोनची खिडकी वजा केली की साधारण १६० उरतात. जमीन ४० चौरस फूट. तुटफूट आणि कापाकापी यांसाठी दहा टक्के वाढवले, की भिंतीसाठी १७६ आणि जमिनीसाठी ४४ चौरस फूट टाइल लागते. ३०० बाय ६०० मिलिमीटरच्या पाच नगांच्या पेटीत ९.६९ चौरस फूट माल असतो, म्हणजे भिंतीसाठी १९ पेट्या. दुकानदार ‘दोन बाय एकची टाइल’ म्हणतो आणि पेटीत दहा फूट आहेत असे बोलून जातो, पण हिशेब पेटीवर छापलेल्या आकड्याने करावा.

मजुरी मात्र बसवलेल्या क्षेत्रफळावर द्यायची असते, विकत घेतलेल्या टाइलवर नाही. गवंडी आणि फरशीवाले काही वेळा ‘ब्रास’मध्ये दर सांगतात; फरशीच्या कामात एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, आणि वाळूच्या बाबतीत १०० घनफूट. दोघांत गल्लत होऊ देऊ नये. खिडकीच्या कडा, कट्टा, कोनाडा आणि उंबरा यांचा दर चौरस फुटात येत नाही, तो धावत्या फुटात किंवा नगावर लागतो, आणि तो आधी विचारला नाही तर शेवटच्या बिलात ‘एक्स्ट्रा’ म्हणून हमखास येतो.

जे झाकले जाणार आहे

अंदाजपत्रकाचा खरा गाभा हा आहे, म्हणून इथे हात आखडू नये.

या पिढीच्या घरांत पाण्याचे पाइप बहुधा जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतात. ते आतून गंजत जातात. आमच्याकडे गवंड्याने गरम-थंड पाण्याच्या मिक्सर नळामागची टाइल काढल्यावर छिन्नीचा एकच हलका ठोका पाइपला बसला आणि त्याचा तुकडा बिस्किटासारखा त्याच्या हातात आला. पाऊण इंची पाइपच्या आत गंजाचे थर साचून मोकळी वाट जेमतेम पेन्सिल जाईल एवढी उरली होती, आणि गेली पाच-सहा वर्षे वरच्या टाकीला कमी पाण्याबद्दल दोष दिला जात होता. भिंत उघडलीच आहे, तर पाइप पूर्ण बदलावेत. अर्धे जुने ठेवून वाचवलेले पैसे पुढे नव्या टाइल फोडण्यात जातात. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी या प्लास्टिकचा पाइप घ्यावा लागतो, कारण यूपीव्हीसी हे दुसरे प्लास्टिक गरम पाण्याला टिकत नाही. हिशेबाचा आणि चुकीचा गोंधळ टाळायचा असेल, तर थंड व गरम दोन्हींसाठी सीपीव्हीसीच वापरणे सोयीचे. सांडपाण्यासाठी एसडब्ल्यूआर प्रकारचा पीव्हीसी पाइप असतो. कमोडला ११० मिलिमीटर, बाकीच्या पाण्याला ७५. टाइल लावण्यापूर्वी सगळी तोंडे बंद करून हातपंपाने दाब भरावा, काट्यावरचा आकडा लिहून ठेवावा आणि काही तासांनी तो उतरला आहे का ते पाहावे. प्लंबर याला टाळाटाळ करतात. म्हणून हा दाब-तपास कोटेशनमध्येच लिहून घ्यावा.

वॉटरप्रूफिंगच्या बाबतीत मी कोणतीही काटकसर सुचवणार नाही. जुना कोबा निघाल्यावर स्लॅब घासून स्वच्छ करणे, भेगा व पाइपांभोवतीच्या फटी भरणे, जमीन आणि भिंत जिथे मिळतात तिथे गोलाई करणे आणि मग रसायनाचे दोन थर एकमेकांना आडवे-उभे देणे, असा हा क्रम आहे. थर भिंतीवर किमान फूटभर, आणि जिथे शॉवर आहे तिथे डोक्याच्या उंचीपर्यंत चढवावा. तो वाळल्यावर ४८ तास पाणी भरून ठेवावे आणि खालच्या घरी जाऊन स्वतः छत पाहावे. या दोन दिवसांत ठेकेदाराची माणसे रिकामी बसतात, म्हणून तो ‘एका रात्रीत कळते हो’ असे म्हणेल. त्याचे ऐकू नये. सनकन भरताना आणखी एक लबाडी चालते. तोडलेल्या जुन्या टाइल्स आणि प्लास्टरचा चुराच पुन्हा खळग्यात भरला जातो. त्यामुळे ठेकेदाराच्या गोण्या वाचतात आणि वीटतुकडेही वाचतात. मातीमिश्रित चुरा पाणी धरून ठेवतो आणि तिथून ओलीचे नवे चक्र सुरू होते. भरावाच्या दिवशी घरातल्या कोणीतरी तिथे उभे राहावे.

जमिनीचा उतार जाळीकडे फुटामागे पाव इंचाच्या आसपास असावा. फरशी घट्ट बसण्यापूर्वी चार कोपऱ्यांतून गोटी सोडून पाहावी. ती अडखळली तर तिथेच पाणी साचणार.

विजेचा खर्च लोक सर्वांत शेवटी आठवतात. दोन किलोवॅटचा गिझर साधारण पावणेनऊ अँपिअर आणि तीन किलोवॅटचा तेरा अँपिअर विद्युतप्रवाह खेचतो. त्यामुळे त्याला १६ अँपिअरचा पॉइंट, मुख्य बोर्डापासून स्वतंत्र जाड वायर आणि स्वतःचा एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास आपोआप पडणारा स्विच) द्यावा. जुन्या घरात अर्थिंग नावापुरते असते. ते तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो बसवून घ्यावा. हा खर्च बाथरूमच्या बाहेर, पॅसेजमधल्या बोर्डावर होतो, म्हणून कोटेशनमध्ये धरलेला नसतो. गॅस गिझर विजेचे बिल वाचवतो, पण ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू तयार होतो, आणि बंद बाथरूममध्ये त्याने जीव गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. तो घ्यायचाच असेल तर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणावा, आणि त्या जादा पाइपाचे पैसे हिशेबात धरावेत.

जुन्या टाइलवरच नवी टाइल चिकटवण्याचा पर्याय अनेकांना मोह घालतो, कारण त्यात तोडफोड, राडारोडा आणि आठ-दहा दिवस वाचतात. गळती अजिबात नसेल, पाइप आधीच बदललेले असतील आणि जुन्या टाइल्स टिचकी मारल्यावर पोकळ वाजत नसतील, तर तो वापरण्यास हरकत नाही. ओल असेल तर हा पर्याय म्हणजे जखमेवर नुसती पट्टी होईल.

जे दिसणार आहे

आता दुकानात जाण्यास हरकत नाही. पण जाताना तीन मापे लिहून न्यावीत.

पहिले माप कमोडचे. जमिनीतल्या सांडपाण्याच्या तोंडाच्या मध्यापासून मागच्या भिंतीपर्यंतचे अंतर कमोडनुसार ठरलेले असते. बाजारात ९ इंच आणि १२ इंच ही मापे सर्रास मिळतात. आम्ही तोडफोडीनंतर उघड्या विटांपासून नऊ इंच मोजले, त्या मापाचा कमोड घेऊन आलो आणि विसरलो, की भिंतीवर अजून प्लास्टर आणि टाइल चढायची आहे. ती दीड इंच जाडी चढल्यावर अंतर साडेसात इंच उरले आणि कमोड भिंतीला टेकून पुढे सरकेना की मागे. खोके उघडलेले असल्याने दुकानदाराने तो परत घेतला नाही. शेवटी सांडपाण्याचे तोंड पुन्हा फोडून पुढे सरकवले, आणि त्या एका विस्मरणाने प्लंबरचे दोन दिवस व वॉटरप्रूफिंगचा एक तुकडा खाल्ला. माप नेहमी तयार टाइलच्या पृष्ठभागापासून घ्यावे. भिंतीवर टांगणारा कमोड हवा असेल, तर कमोडच्या किमतीत भिंतीआडची टाकी, तिची लोखंडी चौकट आणि ती झाकणारी नवी भिंत हे सारे मिळवावे, आणि खोलीची लांबी त्या भिंतीने सहा-आठ इंचांनी कमी होते, हेही लक्षात घ्यावे.

दुसरे माप पाण्याच्या दाबाचे. टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवरपेक्षा दहा मीटर वर असेल, तर साधारण एक बार दाब मिळतो. म्हणजे मजल्यामागे सुमारे ०.३ बार. सर्वांत वरच्या मजल्यावर टाकीचा तळ जेमतेम तीन मीटर वर असतो, आणि तिथे छतातून पडणारा ताटाएवढा मोठा शॉवर बसवला तर त्यातून पाणी नुसते ठिबकते. अशा घराने एकतर साधा हँड शॉवर घ्यावा, नाहीतर प्रेशर पंपाचे पैसे आणि त्याचा आवाज या दोन्हींची तयारी ठेवावी.

तिसरी गोष्ट पाण्याच्या जातीची आहे. बोअरवेल किंवा टँकरच्या जड पाण्याने काचेच्या पार्टिशनवर आणि चकचकीत नळांवर पांढरे डाग बसतात. उपनगरात जिथे वर्षाचे सहा महिने टँकर येतो, तिथे काचेचे पार्टिशन ही रोज पुसण्याची शिक्षा आहे. तेच पैसे चांगल्या नळांत घालावेत. टाइलच्या बाबतीत माझे मत असे, की भिंतीची टाइल मध्यम किमतीची घ्यावी, पण जमिनीची खरबरीत आणि चांगल्या प्रतीची घ्यावी. देशातील बहुतेक टाइल्स गुजरातेतील मोरबी भागातून येतात, त्यामुळे वेगवेगळ्या नावांच्या पेट्यांतल्या मालात भिंतीपुरता तरी फार फरक नसतो. जमिनीवर पाय घसरणारा माणूस मात्र आपल्याच घरातला असतो. घरात वयस्कर माणसे असोत वा नसोत, कमोड व शॉवरजवळ पुढेमागे आधाराचा दांडा लावता येईल अशी भक्कम जागा प्लास्टरच्या वेळीच करून ठेवावी.

टाइल एकाच बॅचची आणि एकाच शेड क्रमांकाची आहे हे पेटीवर पाहावे, आणि न उघडलेल्या पेट्या परत घेणार का हे बिल करण्याआधी विचारावे. अँगल कॉक, कनेक्शन पाइप, वेस्ट कपलिंग, बॉटल ट्रॅप, जाळी, जेट स्प्रे या बारक्या वस्तूंची यादी प्लंबरकडून आधीच लिहून घ्यावी. मुख्य नळ निवडताना तासभर घासाघीस करणारे लोक या किरकोळ वस्तूंचे पाच-सहा हजार मान खाली घालून मोजतात.

एक मांडलेला हिशेब

खालचे आकडे मध्यम प्रतीच्या कामासाठी मी गृहीत धरलेले आहेत. आपल्या गावचे आणि आपल्या दुकानाचे दर त्या जागी घालावेत, मांडणी मात्र हीच ठेवावी. तोडफोड आणि राडारोडा १४,००० रुपये. प्लंबिंगचे सामान आणि मजुरी मिळून २८,०००. वॉटरप्रूफिंग व कोबा १६,०००. प्लास्टर, सिमेंट, वाळू, टाइल चिकटवण्याचे मिश्रण, सांधे भरणे आणि टाइल बसवण्याची मजुरी २८,०००. इथवर ८६,००० झाले आणि अजून एकही शोभेची वस्तू घरात आलेली नाही. त्यानंतर टाइल्स १३,०००; कमोड, बेसिन आणि नळ ३४,०००; गिझर व विजेचे काम १७,०००; पाण्याने न कुजणारा दरवाजा, चौकट आणि ग्रॅनाइटचा उंबरा ९,०००; खिडकी, एक्झॉस्ट पंखा, आरसा आणि कप्पे ६,०००. एकूण १,६५,००० रुपये. विजेचे काम सोडूनही झाकलेल्या कामांचा वाटा त्यात ५२ टक्के आहे, आणि ज्या टाइलवरून घरात आठवडाभर चर्चा चालते तिचा वाटा आठ टक्क्यांच्या आत.

या रकमेवर १५ टक्के, म्हणजे २४,७५० रुपये अनपेक्षित खर्चासाठी ठेवावेत. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर २० टक्के धरणे शहाणपणाचे. ही रक्कम हाताशी असली तरी ठेकेदाराला तिचा पत्ता लागू देऊ नये, आणि घरातही ती ‘उरणार आहे’ असे समजून महागडा नळ पसंत करू नये. वरची बेरीज सुमारे १,९०,००० रुपयांवर जाते. एवढी रक्कम नसेल, तर कात्री खालच्या टोकाने लावावी: टाइल सातऐवजी पाच फुटांपर्यंत घ्यावी आणि वर पाणीरोधक रंग द्यावा, जुना गिझर चालू असेल तर तोच परत बसवावा, आरसा-कप्पे पुढच्या वर्षी घ्यावेत. या गोष्टी नंतर केव्हाही होतात. पाइप आणि वॉटरप्रूफिंग नंतर होत नाही. घरात एकच बाथरूम असेल, तर दोन-तीन आठवडे आंघोळीची सोय कुठे करायची, हाही एक खर्चच आहे. शेजाऱ्यांवर इतके दिवस भार टाकणे अवघड जाते.

प्रत्येक कोटेशन जीएसटी धरून आहे की सोडून, हे विचारल्याशिवाय तुलना करू नये. टाइल्स आणि सॅनिटरी सामानावर तो १८ टक्के आहे. सिमेंटवरचा २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या दरांच्या आधारे वाढवून सांगितलेला भाव मान्य करू नये.

ठेका, हप्ते आणि हिशेबवही

काम देण्याच्या तीन रीती आहेत. रोजच्या हजेरीवर काम दिले तर ते रेंगाळते. सामानासकट उक्ते दिले, तर डोक्याला ताप कमी, पण भिंतीत कोणता पाइप गेला हे कळत नाही. माझा कल मधल्या रीतीकडे आहे: मजुरी उक्ती ठरवावी आणि सामान प्लंबरच्या यादीनुसार स्वतः आणावे. त्यासाठी घरातल्या एका माणसाला रोज तासभर मोकळा असावा लागतो. तो नसेल, तर उक्ते द्यावे पण पाइप, रसायन आणि वायर यांची कंपनी व प्रकार करारात लिहावा. तीन ठेकेदारांकडून दर मागवताना तिघांच्या हाती एकच लिखित यादी द्यावी. तोंडी वर्णनावर आलेल्या तीन आकड्यांची तुलना होत नाही, कारण सर्वांत स्वस्त माणसाने बहुधा राडारोडा धरलेलाच नसतो.

पैसे कामाच्या टप्प्यांवर द्यावेत, तारखांवर देऊ नयेत. आगाऊ १५ टक्के; तोडफोड आणि पाइपांचा दाब-तपास झाल्यावर २५; पाणी भरण्याची चाचणी यशस्वी झाल्यावर २०; टाइल्स पूर्ण झाल्यावर २०; सामान बसवून नळ सुरू झाल्यावर १०; आणि शेवटचे १० टक्के महिनाभर वापरून झाल्यावर. ‘माणसांना गावी जायचे आहे’ हे कारण सांगून मधला हप्ता आधी मागितला जातो, आणि ते पुष्कळदा खरेही असते. म्हणूनच गणपती, दिवाळी आणि होळी यांच्या आधीच्या तीन आठवड्यांत काम सुरू करू नये. पावसाळ्यात प्लास्टर वाळायला वेळ लागतो, पण ठेकेदार मोकळे असतात आणि दर उतरवतात, त्यामुळे ज्यांना घाई नाही त्यांनी गणपतीची तारीख पाहून ऑगस्टचा विचार करावा.

कामाच्या काळात एक साधी वही ठेवावी. डाव्या पानावर ठरलेला आकडा, उजव्या पानावर दिलेले पैसे, आणि जादा काम निघाले तर ते करण्याआधी तिथेच त्याचा दर लिहून ठेकेदाराची सही. सुरुवातीला हे अवघडल्यासारखे होते; तिसऱ्या सहीनंतर ठेकेदार स्वतःच वही मागू लागतो.

टाइल लागण्याच्या आदल्या दिवशी चारही भिंतींचे फोटो काढावेत, प्रत्येक पाइपाशेजारी टेप उघडी धरून, म्हणजे जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनचे अंतर फोटोतच वाचता येते. पुढे आरशासाठी भोक पाडणारा माणूस ड्रिल घेऊन उभा राहील, तेव्हा हे फोटो लागतात. उरलेल्या टाइल्सपैकी भिंतीची एक पेटी आणि जमिनीच्या पाच-सहा टाइल्स परत न करता माळ्यावर ठेवाव्यात, पेटीवरचा बॅच क्रमांक दिसेल अशा बाजूने, आणि पाइप व वॉटरप्रूफिंगची बिले त्याच पेटीत घालावीत.